घरचं बीपी मशीन: विकत घेण्यापासून वही डॉक्टरांसमोर ठेवण्यापर्यंत

बेळगावकडच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात आता पुष्कळ घरांत बीपीचं मशीन दिसतं. पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीत असलेला मुलगा दिवाळीला येताना घेऊन येतो, आईवडिलांना एकदा मोजून दाखवतो आणि परत जातो. मशीन कपाटात जातं. मग कधी घरात कुणाला चक्कर येते, कुणाचं भांडण होतं, तेव्हा ते बाहेर निघतं. घाबरलेल्या माणसाच्या दंडाला, सदऱ्यावरूनच पट्टा बांधला जातो, चार जण भोवती उभे राहून बोलत असतात आणि आकडा येतो १६८. घरभर धावपळ. दुसऱ्या दिवशी १३४ येतो, सगळे निश्चिंत, मशीन पुन्हा कपाटात.

यातला १६८ही खरा धरू नये आणि १३४ही. एकट्या आकड्यावरून बीपीचं काही ठरत नाही. नीट बसून, नीट पट्टा बांधून आठवडाभर घेतलेल्या आकड्यांच्या सरासरीवरून ठरतं. ती सरासरी कशी काढायची ते पुढे क्रमाने सांगतो.

वरचं आणि खालचं

हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतं, त्या क्षणी धमनीच्या भिंतीवर जो दाब येतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल होतं तेव्हा उरलेला दाब म्हणजे खालचा आकडा. दोन्ही मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. इटलीच्या रिवा-रोच्ची नावाच्या डॉक्टरांनी १८९६ मध्ये दंडाला हवेचा पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब वाचण्याची युक्ती काढली. १९०५ मध्ये रशियातल्या कोरोत्कोव यांनी त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली. दवाखान्यात डॉक्टर फुगा दाबत कोपराच्या आत स्टेथोस्कोप लावतात, ती अजून त्यांचीच पद्धत. पारा विषारी, म्हणून पाऱ्याची यंत्रं आता मागे पडत चालली आहेत, पण एकक तेच राहिलं.

घरचं बॅटरीचं मशीन आवाज ऐकत नाही. पट्ट्यातली हवा कमी होत जाते तशी धमनीची थरथर त्या हवेत उमटते, आणि ती थरथर कुठे सर्वांत जास्त होती त्यावरून मशीन हिशेबाने वरचं आणि खालचं काढतं. म्हणूनच मोजताना हात हलला, खोकला आला, बोललात, की मशीन फसतं. ज्यांच्या नाडीचे ठोके अनियमित पडतात त्यांच्या बाबतीतही ते गोंधळतं. एका बैठकीत एरवी दोन वेळा मोजतात, अशांनी तीन वेळा मोजावं. आणि मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसत असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण तो कधी कधी हृदयाचा स्वतंत्र आजार असतो.

आता मर्यादा. दवाखान्यात मोजलेलं बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त, आणि तेही वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजून तसंच आलं, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. घरी मोजलेल्या सरासरीसाठी ही रेषा थोडी खाली आहे, १३५/८५. घरी माणूस निवांत असतो, म्हणून. १२०/८० च्या खाली असेल तर उत्तम. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये रेषा १३०/८० वर आणली, त्यामुळे इंटरनेटवर वेगवेगळे आकडे वाचून लोक चक्रावतात. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात निदानासाठी १४०/९० धरतात. नव्या माणसाने सध्या एवढंच लक्षात ठेवावं: दवाखान्यात १४०/९०, घरच्या सरासरीला १३५/८५.

दोनपैकी एक आकडा रेषेवर गेला तरी बीपी वाढलेलंच असतं. ‘वरचं एकशे साठ आहे, पण खालचं ऐंशीच आहे की’ असं म्हणून समाधान मानणारे पुष्कळ. साठीनंतर धमन्या कडक होतात, वरचा आकडा चढतो आणि खालचा तसाच राहतो किंवा उतरतो. तो प्रकार निरुपद्रवी अजिबात नाही. तशीच ‘वय अधिक शंभर’ ही जुनी बेरीज. सत्तरीच्या माणसाला एकशे सत्तर चालतं, असं गल्लीतल्या कट्ट्यावर अजून छातीठोकपणे सांगितलं जातं. चालत नाही.

आणि सर्वांत चिवट समजूत ही: ‘डोस्कं दुखायला लागलं की कळतंय की मला बीपी वाढल्याचं.’ बहुतेकांना बीपी वाढल्याचं काहीच कळत नाही. डोकं दुखतं तेव्हा दुखण्याने बीपी वर गेलेलं असू शकतं, म्हणजे कारण-परिणाम उलटेही असतात. ‘मी दिवसभर शेतात राबतो, मला कुठलं बीपी’ हेही तसंच. राबणं चांगलंच, पण मशीनपुढे ते पुरावा म्हणून टिकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला, म्हणजे तिघांत एकाहून थोडे अधिकच. पक्षाघात, हृदयविकार, किडनी निकामी होणं, डोळ्यांच्या पडद्याचं नुकसान, हे सगळं वर्षानुवर्षं गुपचूप चाललेल्या दाबाचं फळ असतं. म्हणून तिशी ओलांडली की त्रास असो वा नसो, वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावं.

मशीन घेताना

दंडाला बांधायचं मशीन घ्या. मनगटाचं छोटं आणि देखणं असतं, पण मनगट हृदयाच्या पातळीला धरलं नाही तर आकडा सहज चुकतो, आणि कुणीच ते नीट धरत नाही. स्मार्टवॉचच्या बीपीवर तर गोळी चालू-बंद करण्याइतका भरवसा ठेवूच नका.

दुकानदार मशीन दाखवेल, वॉरंटी सांगेल, पट्ट्याविषयी बहुधा काही बोलणार नाही. आणि निम्मा खेळ तर पट्ट्याचाच असतो. घरातून निघण्यापूर्वी टेलरच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. पट्ट्यावर सेंटिमीटरमध्ये माप छापलेलं असतं, उदाहरणार्थ २२ ते ३२ किंवा २२ ते ४२. आपला घेर त्यात बसला पाहिजे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर कमी. एकाच घरात पैलवानी दंडाचा मुलगा आणि काटकुळ्या दंडाची आजी असेल तर दोघांना एक पट्टा चालेलच असं नाही. मोठा किंवा लहान पट्टा त्याच कंपनीचा वेगळा मिळतो.

किंमत साधारण दीड-दोन हजारांपासून सुरू होते. ब्लूटूथ, बोलणारा आवाज, रंगीत पडदा यांनी आकडा अधिक अचूक होत नाही. त्यापेक्षा ते मॉडेल तपासणीत उतरलं आहे का हे बघा. ‘स्ट्राइड बीपी’ नावाच्या संकेतस्थळावर अशा प्रमाणित मशीनची यादी फुकट बघता येते. दुकानात उभ्या उभ्या मोबाईलवर मॉडेलचा नंबर घालून पाहायला दोन मिनिटं लागतात. सेल आणि अडॅप्टर दोन्हींवर चालणारं घ्या. खानापूरच्या जंगलाकडे पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा नुसतं अडॅप्टर कामाचं नाही, आणि सेल उतरले की मशीन अर्ध्यावर थांबून एरर दाखवतं.

घरी आणल्यावर आधी तारीख आणि वेळ लावा. मग पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना मशीन पिशवीत घालून घेऊन जा. एकाच हातावर, एकदा त्यांच्या यंत्राने, एकदा आपल्या, असं दोन-तीन वेळा आलटून पालटून मोजायला सांगा. फरक पाचच्या आत असेल तर बिनघोर वापरा. दहाहून जास्त असेल तर पट्टा बदलून बघा, नाहीतर मशीन बदला. वर्षातून एकदा हे करावं.

मोजण्याआधीचा अर्धा तास

या अर्ध्या तासात चहा-कॉफी नको, व्यायाम किंवा जड काम नको, जेवण नको आणि तंबाखू नको. तंबाखूबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल. निपाणी भागात तंबाखू पिकते, घराघरात बायका विड्या वळतात. तिथे ‘मी विडी ओढत नाही’ म्हणणारी बाईही सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत असते, आणि मिश्रीला व्यसन मानत नाही. निकोटीन नाकातून जावो, धुरातून जावो की हिरडीतून, काही मिनिटांत नाडी आणि बीपी दोन्ही वर नेतं. सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावून लगेच पट्टा बांधला तर आकडा मिश्रीचा आलेला असतो. मोजून झाल्यावर लावा, असं सांगितलं तर ते ऐकलं जातं. सोडा, असंही सांगायला हवंच, पण ते एका दिवसाचं काम नाही.

लघवीला जाऊन या. मूत्राशय भरलेलं असेल तर वरचा आकडा दहाच्या आसपास वाढू शकतो.

मग पाच मिनिटं खुर्चीत गप्प बसा. खुर्चीला पाठ हवी आणि पाठ तिला टेकलेली हवी. दोन्ही पाऊल जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. गावाकडे पाटावर किंवा चटईवर मांडी घालून बसायची सवय असते. जेवायला ती छान, बीपी मोजायला नाही, कारण पाठीला आधार मिळत नाही आणि हात टेकायला जागा नसते. प्लॅस्टिकची साधी खुर्ची पुरते. पाय पोचत नसतील तर खाली पाट ठेवा, तिथे पाटाचा खरा उपयोग आहे.

गप्प म्हणजे खरोखर गप्प. बोलण्याने आकडा सहज दहाने वर जातो. टीव्हीवर मालिका चालू, शेजारच्या वैनी दारात उभ्या, मोबाईलवर नातवाचा व्हिडिओ कॉल, अशा वेळी मोजूच नका. विशेषतः मोजणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं असतं. मला तर वाटतं घरच्या मोजमापातली सर्वांत मोठी अडचण मशीन नसून ‘किती आलं, किती आलं’ विचारणारी माणसं असतात.

पट्टा बांधणं

दंड उघडा हवा. सदऱ्याची बाही वर सरकवून दंडावर घट्ट चुंबळ करू नका, तीही एक पट्टीच होते. ब्लाऊजची बाही घट्ट असेल तर मोजण्यापुरता सैल गाऊन घालावा. बेळगावची थंडी म्हणजे डिसेंबरात सकाळी स्वेटर काढणं जिवावर येतं, पण स्वेटरवरून मोजलेलं वहीत लिहू नये. त्या दिवसांत खोली थोडी उबदार करून घ्या, कारण कुडकुडण्यानेही बीपी चढतं.

पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर ठेवा. रबरी नळी कोपराच्या आतल्या बाजूला, मधल्या बोटाच्या रेषेत आली पाहिजे. पट्ट्याखाली एक-दोन बोटं सरकतील इतपतच आवळा. हात टेबलावर टेका, तळवा वर, मूठ उघडी, आणि पट्टा छातीच्या मध्यावर येईल अशी उंची साधा. टेबल खाली असेल तर हाताखाली उशी किंवा घडी घातलेली चादर घ्या. हात हृदयाच्या पातळीपेक्षा जितका खाली तितका आकडा फुगतो, साधारण अडीच सेंटिमीटरला दोन असा हिशेब आहे. खुर्चीच्या बाजूला लोंबकळणाऱ्या हातावर मोजलं तर निरोगी माणसालाही रोगी ठरवता येतं.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे कायम वापरायचा. दोन हातांत दहा-पंधराहून जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना सांगा, रक्तवाहिनी कुठे अरुंद झाली असेल तर असं होतं. ज्यांच्या हातात डायलिसिससाठी फिस्टुला केलेला आहे त्यांनी त्या हाताला पट्टा बांधायचा नाही. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांनी कोणता हात वापरायचा ते डॉक्टरांना विचारून घ्यावं.

बटण दाबा. आकडा आला की लिहा. पट्टा तसाच ठेवून एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा, पुन्हा लिहा. पहिला आकडा बहुतेक वेळा जास्त येतो, त्यात घाबरायचं काही नाही. फक्त आवडता आकडा येईपर्यंत सात-आठ वेळा बटण दाबत बसू नका आणि त्यातला सर्वांत गोड आकडा तेवढा वहीत चढवू नका. डॉक्टर त्या आकड्यावर गोळी ठरवणार आहेत.

सात दिवसांची वही

सकाळी दोन वेळा, संध्याकाळी दोन वेळा, असे सलग सात दिवस. सकाळी म्हणजे उठून, लघवी करून, चहाच्या आणि गोळीच्या आधी. संध्याकाळी म्हणजे रात्रीच्या जेवणाआधी, किंवा जेवून बराच वेळ गेल्यावर झोपण्यापूर्वी. रोज वेळ शक्यतो तीच ठेवा. उद्यमबाग किंवा मच्छेकडच्या फाउंड्रीत रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळाच्या सकाळ-संध्याकाळचा नाद सोडावा. झोपून उठल्यावर एकदा, झोपायच्या आधी एकदा, असं धरावं आणि वहीत ‘रात्रपाळी’ लिहावं.

दोनशे पानी वहीचं एक पान पुरतं. एक ओळ अशी:

सोमवार, सकाळी ६.४०, उजवा हात, १४६/९०, नाडी ७८. १४१/८८, नाडी ७६. रात्री झोप लागली नाही.

शेवटची टीप महत्त्वाची असते. उपवास, पाहुणे, ताप, दुखण्याची गोळी, गणपतीतलं जागरण, जे असेल ते दोन शब्दांत लिहा.

सात दिवस झाले की पहिला दिवस सोडून द्या, तो सरावाचा. उरले सहा दिवस, रोजचे चार, म्हणजे चोवीस आकडे. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर वरच्यांची बेरीज करा, चोवीसने भागा. खालच्यांचं तसंच. समजा वरच्यांची बेरीज ३४०८ आली, तर सरासरी १४२. खालच्यांची २११२ आली, तर ८८. म्हणजे घरचं बीपी १४२/८८, रेषेच्या वर. एखाद्या संध्याकाळी १६० आलं होतं आणि एका सकाळी १२८, ते दोन्ही या सरासरीत मुरले.

या वहीने दोन लपलेले प्रकार उघडे पडतात. काहींचं दवाखान्यात १५० येतं आणि घरी १२५. पांढरा कोट दिसला की चढणारं बीपी ते. अशांना गरज नसताना गोळी सुरू केली जाऊ शकते, मात्र दरवर्षी तपासत राहायला हवं. उलट काहींचं दवाखान्यात १३० आणि घरी किंवा कामावर १४५. हे दुसरे जास्त धोक्यात असतात, कारण त्यांना कुणी विचारतच नाही. बिडी-तंबाखूवाले आणि कामाचा सतत ताण असलेले यात बरेच सापडतात.

बीपी एकदा आटोक्यात आलं की रोज मोजायची गरज नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडा हा क्रम करा, एरवी आठवड्यातून एखादा दिवस पुरे. दिवसातून दहा वेळा मोजणाऱ्या माणसाचं बीपी मोजण्याच्या काळजीनेच वाढतं.

आकडा बघून काय करायचं

सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर वही जपून ठेवा, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा करा. त्यावर असेल तर येत्या काही दिवसांत डॉक्टरांना दाखवा. धावत जाण्याची गरज नाही, पण ‘यात्रा झाल्यावर बघू’, ‘ऊस गेल्यावर बघू’ असंही नको. सरासरी १६०/१०० च्या वर असेल तर त्याच आठवड्यात जा.

वरचा १८० किंवा खालचा १२० च्या वर आला तर आधी पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तसाच असेल, पण बाकी काही त्रास नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, अचानक दिसेनासं होणं, प्रचंड डोकेदुखीबरोबर गुंगी, यांपैकी काहीही सोबत असेल तर पुन्हा मोजत बसू नका. १०८ला फोन करा. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत घरातली दुसऱ्या कुणाची बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका. दाब एकदम कोसळला तर मेंदूचं नुकसान वाढतं.

गरोदर बाईचा हिशेब वेगळा. १४०/९० आलं तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही, आशाताईला किंवा डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. १६०/११० असेल, किंवा डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं असेल, तर थेट हॉस्पिटल.

कुठे दाखवायचं

सुरुवातीला मोठ्या हॉस्पिटलची गरज नसते. गावचं आयुष्मान आरोग्य मंदिर, प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरात नम्म क्लिनिक, तालुक्याला सरकारी दवाखाना, इथे बीपी-शुगरची तपासणी फुकट होते आणि नेहमीच्या गोळ्याही मिळतात. गृह आरोग्य योजनेत आरोग्य कर्मचारी घरी येऊनही तपासतात. किडनी, हृदय किंवा कमी वयातलं बीपी असा गुंता असेल तर बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईसारखी मोठी हॉस्पिटलं आहेत. डॉक्टर पहिल्यांदा बहुधा लघवी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी सांगतात. हे उगाच खर्चाचं नाही. बीपीने आतापर्यंत काय बिघडवलं आणि कोणती गोळी चालेल, हे त्यावरून ठरतं.

सरकारी दवाखान्यात सिस्टर कन्नडमधून बोलतील, चिठ्ठी इंग्रजीत येईल. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दोन्ही अवघड. पण आकड्यांची वही कुणालाही वाचता येते, पुढे केली की काम होतं.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. निपाणीचा माणूस कोल्हापूरला दाखवतो, अथणी-कागवाडचा मिरजेला, खानापूरचा कधी गोव्याला, आणि चंदगडचा बेळगावला येतो. मधे तालुक्यातल्या डॉक्टरांची गोळी चालूच असते. प्रत्येक ठिकाणी कंपनीचं नाव वेगळं, आतलं औषध मात्र एकच. दोन डॉक्टरांच्या दोन गोळ्या समजून माणूस तेच औषध दुप्पट घेतो, मग उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळोख. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर गोळीचं कंपनीचं नाव न लिहिता पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव लिहा: अॅम्लोडिपिन ५, टेल्मिसार्टन ४०, असं. तेच नाव जन औषधी केंद्रात दाखवलं तर गोळी स्वस्तात मिळते. नवीन डॉक्टरांना आधी ते पान दाखवायचं.

गोळीने पाय सुजले किंवा कोरडा खोकला लागला तर सांगा, बदलून मिळते. स्वतः होऊन थांबवू मात्र नका. ‘बीपी नॉर्मल आलं, मग गोळी कशाला’ या वाक्याने किती माणसं अंथरुणाला खिळली असतील कोण जाणे. नॉर्मल आलं ते गोळीमुळे.

आकडा वर राहिला तर घरात काय शोधायचं

पहिल्यांदा मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा. आपल्या ताटात ते भाजी-आमटीतूनच संपतं, वर खारडा, लोणचं, सांडगी मिरची, पापड, ताकातलं मीठ. दुपारी भडंग, सकाळी चहाबरोबर बेकरीची खारी. खानापूरकडे पावसाळ्यात सुका बांगडा. हे सगळं बंद करा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, आणि मीही म्हणणार नाही. ताटात मीठ वाढणं थांबवा, ताक बिनमिठाचं प्या, आणि लोणचं, पापड, खारडा यांतलं जेवणात एकच घ्या. कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

दुसरं, दुखण्याच्या गोळ्या. गुडघे-कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून महिनोन् महिने खाल्ली जाते. ती बीपी चढवते, किडनीला त्रास देते आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी करते. नाक चोंदलं म्हणून घेतलेली सर्दीची गोळीही बीपी वाढवू शकते. खोकल्यावर सतत चघळलेलं ज्येष्ठमधही. डॉक्टर विचारतात ‘आणखी काय घेता’, तेव्हा ही नावं कुणाच्या तोंडून येत नाहीत, कारण ती औषधं वाटतच नाहीत.

दारू रोजची असेल तर तीही वहीत लिहा. घोरणं फार असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगा.

शेवटी ऋतू. थंडीत रक्तवाहिन्या आखडतात आणि बीपी वर जातं, एप्रिल-मेच्या उन्हात उतरतं. उन्हाळ्यात घाम, जुलाब किंवा कडक उपवास चालू असताना बीपीसाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर दाब फार खाली येऊ शकतो. अशा वेळी उठताना झोक जात असेल तर बसून एकदा मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा, जवळ कुणी तरी धरायला असू द्या. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने घसरत असेल तर तिन्ही आकडे वेळेसकट लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस कमी करायचा का ते विचारा.